सोव्हिएत रशियात पगार होता, मग दुकानात माल का नव्हता?

भांडारपाल

गेल्या आठवड्यात एका चर्चेत सोव्हिएत युनियनचा विषय निघाला. निम्मे जण म्हणाले, सगळं आयतं मिळायला लागल्यावर माणसं आळशी झाली आणि देश बुडाला. उरलेले म्हणाले, अमेरिकेने बुडवला. दोन्ही वाचून मनाला रुखरुख लागून राहिली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात खरेदी आणि स्टोअर सांभाळण्यात माझी एकतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर सोव्हिएत कारखान्यांबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि तिथल्या भांडारपालाच्या खुर्चीत बसून पाहिलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो असं वाटायला लागलं.

आम्हाला सळया हव्या असल्या की मी तीन ठिकाणांहून कोटेशन मागवायचो. दर चढलेला दिसला की समजायचं, बाजारात माल कमी आहे, जपून वापरा, जमलं तर दुसरा माल बघा. दिल्लीत कुठली समिती बसली, कुठे खाण बंद पडली, यातलं मला काही माहीत नसलं तरी चालायचं. तो एक आकडा सगळी खबर घेऊन यायचा. सोव्हिएत भांडारपालाकडे अशी खबर येतच नव्हती. किमती सरकारने ठरवलेल्या आणि वर्षानुवर्षं त्याच. माल यायचा तो वाटपाने. १९२१ साली गोसप्लान ही नियोजन समिती स्थापन झाली आणि १९२८ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या, पण कारखान्याचा खरा गाडा वार्षिक योजनेवर चालायचा. गोसप्लानमध्ये महत्त्वाच्या प्रत्येक मालाचा ताळेबंद मांडत. एका बाजूला उत्पादन, आयात आणि शिल्लक, दुसऱ्या बाजूला कोणाला किती द्यायचं. दोन्ही बाजू जुळवल्या की वाटपाचे कागद खाली यायचे. कारखान्याच्या खात्यात कितीही रूबल असोत, वाटपाचा कागद नसेल तर सळईचा तुकडा मिळत नसे. पैसा तिथे हिशेबापुरता होता.

आता त्या भांडारपालाने काय करावं? माल वेळेवर येईल याची खात्री नाही, आणि महिन्याचं लक्ष्य चुकलं तर सगळ्या कारखान्याचा बोनस जातो. मग तो शंभर टन लागत असताना दीडशेची मागणी लावतो. नको असलेलं पितळही उचलून ठेवतो, कारण उद्या दुसऱ्या कारखान्याशी त्याची अदलाबदल करता येते. बोल्टसुद्धा बाहेरून न मागवता कारखान्यातच पाडून घेतो. प्रत्येकाने असं केलं की गोदामं भरलेली आणि तरी सगळीकडे टंचाई. हा आळस नव्हे. मी तिथे असतो तर हेच केलं असतं.

यातूनच ‘तोल्काच’ नावाची जमात उभी राहिली. तोल्काच म्हणजे ढकलणारा. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचं पद भलतंच असायचं, पण काम एकच. पुरवठादाराच्या गावी जाऊन ठाण मांडायचं, ओळखी काढायच्या, भेटवस्तू द्यायच्या आणि आपला वॅगन आधी भरून निघेल असं बघायचं. कायद्यात बसत नव्हतं, पण त्याच्यावाचून योजना एक महिनाही पुढे सरकली नसती.

दुसरी गोष्ट लक्ष्याची. यंदा १०० ऐवजी ११० यंत्रं काढली, तर पुढच्या वर्षीचं लक्ष्य ११० च्या वरच लागणार. म्हणून शहाणा संचालक आपली खरी कुवत झाकून ठेवायचा आणि १०१ वर थांबायचा. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग असायचे आणि कामगारांत त्याची म्हणच होती: पहिले दहा दिवस झोप, दुसरे दहा आळोखेपिळोखे, तिसरे दहा ताप. कच्चा माल उशिरा आलेला असायचा, मग शेवटच्या दहा दिवसांत रात्रीचा दिवस करून आकडा गाठायचा. फ्रीज घेताना गिऱ्हाईक त्याच्या कागदावरची तारीख बघायचं. महिनाअखेरचा असला तर नको म्हणायचं.

ज्यांनी तिथला काळ पाहिला असेल त्यांनी अवश्य लिहावं.

आडवाट

छान धागा. यावरून ती खिळ्यांची गोष्ट आठवली. लक्ष्य नगांत दिलं तर कारखान्याने टाचणीएवढे खिळे काढले, टनांत दिलं तर एकच अवाढव्य खिळा.

भांडारपाल

आडवाट, खिळ्याची गोष्ट ‘क्रोकोदील’ या विनोदी नियतकालिकातल्या व्यंगचित्राची आहे, खऱ्या कारखान्याची नाही. पण झुंबरांची गोष्ट खरी, आणि ती खुद्द ख्रुश्चेव्हने १९५९ साली जाहीर भाषणात सांगितली. झुंबरांचं उत्पादन टनांत मोजलं जायचं, म्हणून कारखाने जमतील तितकी जड झुंबरं काढत होते. ही झुंबरं कोणासाठी, असा त्याचा सवाल होता. देशाचा सर्वोच्च नेता हे भर सभेत बोलतो, आणि तरी मोजण्याची पद्धत फारशी बदलत नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. झुंबर सुंदर आहे का, हे मॉस्कोत बसून मोजता येत नाही. वजन मोजता येतं.

गिरणगाव

विरुद्ध बाजू मांडतो. वडील लालबागच्या गिरणीत होते, युनियनचे कार्यकर्ते. सोव्हिएत पुस्तकं आमच्याकडे ढिगाने यायची, गुळगुळीत कागद, पक्की बांधणी आणि किंमत अगदी नाममात्र. भौतिकशास्त्राची गोडी मला त्या पुस्तकांनी लावली, म्हणून हा विषय निघाला की गप्प बसवत नाही.

१९२८ चा रशिया म्हणजे लाकडी नांगराचा देश. जग महामंदीत कोसळलं होतं, अमेरिकेत लाखो लोक कामासाठी वणवण करत होते, तेव्हा इकडे माग्नितोगोर्स्क हे पोलादाचं शहर उभं राहत होतं, नीपर नदीवरचं धरण १९३२ मध्ये वीज द्यायला लागलं होतं. महायुद्धात सुमारे पावणेतीन कोटी माणसं गेली, पश्चिमेकडची शहरं बेचिराख झाली, आणि १९६१ च्या १२ एप्रिलला गागारिन अंतराळात. घराचं भाडं पगाराच्या काही टक्के. मेट्रोचं तिकीट १९६१ पासून १९९१ पर्यंत पाच कोपेक (शंभर कोपेकचा एक रूबल). शिक्षण, दवाखाना फुकट. बेकारी नाही. ख्रुश्चेव्हच्या काळात पाच मजली इमारतींची रांगच्या रांग उठली आणि एका खोलीत कोंबलेल्या कोट्यवधी लोकांना स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं. माझे आईवडील १८० चौरस फुटांच्या खोलीत आठ जणांत राहिले. मला त्या स्वयंपाकघराची किंमत कळते.

आणि आपल्या पवईच्या आयआयटीला सुरुवातीची यंत्रसामग्री आणि प्राध्यापक कुठून आले, भिलाई कोणी उभारून दिलं, हेही आठवावं.

भांडारपाल

गिरणगाव, तुम्ही सांगितलेल्यातलं एकही खोटं नाही आणि ते मीच आधी लिहायला हवं होतं. ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यातल्या लोकांशी माझा कामानिमित्त संबंध आला, सोव्हिएत यंत्रं किती दणकट असतात ते मी हात लावून पाहिलंय.

पण माग्नितोगोर्स्कची यंत्रं परदेशातून आणली, ती धान्य विकून. ते धान्य सामूहिक शेतीच्या सक्तीने गावांतून ओढून काढलं. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गा आणि उत्तर कॉकेशस या भागांत लाखो लोक उपाशी मेले. एकट्या कझाकस्तानात सुमारे १५ लाख. आभाळातून आलेला दुष्काळ असता तर निर्यात थांबवली असती. तिथे गावात बियाणंही ठेवलं नाही आणि निर्यात चालूच राहिली. त्या पोलादाचा हिशेब मांडताना हा रकाना रिकामा सोडू नये एवढंच म्हणणं.

वाढीबद्दल म्हणाल तर शेतातून माणूस उचलून कारखान्यात उभा केला, की उत्पादन वाढतंच. नवी खाण, नवा कारखाना, नवा माणूस, यावर पहिली तीस वर्षं झपाट्याने गेली. पुढे शेतात फाजील माणूस उरला नाही, खाणी सैबेरियात लांब लांब जायला लागल्या, आणि त्याच सळईतून जास्त काम काढायची वेळ आली. तिथे गाडं अडलं. तूला भागातल्या श्चोकिनो रासायनिक कारखान्यात १९६७ साली प्रयोग केला. कमी कामगारांत काम करा, वाचलेला पगार उरलेल्यांत वाटा. उत्पादन वाढलं. पण वरच्या खात्यांनी हळूहळू त्या वाचलेल्या पैशावरच हात मारायला सुरुवात केली. एकदा असं झाल्यावर दुसरा कारखाना कशाला पुढे येईल?

हिमांगी

मी तिथे होते. १९८५ ते १९९२, एक वर्ष भाषेचं आणि सहा वर्षं वैद्यकीय शिक्षणाची. गाव मॉस्कोपासून रेल्वेने एका रात्रीवर.

पहिल्याच महिन्यात लक्षात आलं, की रशियन माणूस ‘विकत घेतलं’ असं फारसं म्हणत नाही, ‘दोस्ताल’ म्हणतो. म्हणजे मिळवलं, पैदा केलं. बूट कुठून घेतलेस असं विचारायचंच नाही, कुठून पैदा केलेस असं विचारायचं. दुकानात काय विकतायत याऐवजी काय ‘फेकलंय’ असं विचारत. माझ्या पिशवीत कायम एक ‘अवोस्का’ असायची, दोऱ्याच्या जाळीची मुठीत मावणारी पिशवी. नावाचा अर्थ साधारण ‘मिळालं तर मिळालं’. रस्त्यात रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग पुढच्याला विचारायचं काय आलंय ते. एकदा मी पाऊण तास उभी राहून पुरुषांच्या टोप्यांपर्यंत पोचले होते. घेतल्या दोन. एक वसतिगृहाच्या दारावर बसणाऱ्या आजींना दिली, त्यांच्या जावयाला झाली आणि त्याबदल्यात मला थर्मामीटर मिळाला.

दुकानात एकच रांग नसे. आधी काउंटरवर रांग लावून काय हवं ते बघायचं आणि किंमत विचारायची. मग गल्ल्यावर दुसरी रांग, तिथली बाई मण्यांच्या पाटीवर खटाखट हिशेब करून चिठ्ठी द्यायची. ती घेऊन परत पहिल्या काउंटरवर तिसरी रांग. तेवढ्यात माल संपला तर चिठ्ठी घेऊन पुन्हा गल्ल्यावर.

आमच्या गावात सॉसेज क्वचितच. लोक शनिवारी मॉस्कोला जाऊन आणायचे. तिथलं एक कोडं सगळ्यांना पाठ होतं: लांब, हिरवी आणि सॉसेजचा वास येणारी वस्तू कोणती? रेल्वेगाडी.

आणि साखर. मी पोचले त्याच वर्षी मे महिन्यात गोर्बाचेव्हची दारूविरोधी मोहीम सुरू झाली होती. दक्षिणेकडचे द्राक्षमळे उपटले गेले, व्होडकाच्या दुकानासमोर रांगा, मग लोक घरीच दारू गाळायला लागले आणि दोन-तीन वर्षांत साखर गायब. शेवटी साखरेला कुपनं आली. सरकारच्या तिजोरीत दारूचं उत्पन्न फार मोठं असायचं, तेही आटलं.

रस्त्यावर गाडी उभी केली की मालक वायपर काढून खिशात घालून जायचे, हे मी रोज पाहिलंय. सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून चोरीला जातात. पाऊस आला की सगळे बाजूला थांबून वायपर बसवायचे.

माणसं आळशी होती असं कोणी म्हणालं की मला राग येतो. आमच्या वॉर्डातल्या नर्स आठ तास काम करून त्यानंतर तीन तास रांगेत उभ्या राहायच्या. ते दुसरं काम कुठल्याही आकडेवारीत नव्हतं.

आडवाट

हिमांगीताई, अजून लिहा. वाचत राहावंसं वाटतं.

कापूसकोंड्या

मी यवतमाळचा, म्हणून कापसावर. उझबेकिस्तानला मॉस्कोहून कापसाचं लक्ष्य यायचं आणि दरवर्षी वाढायचं. अरल सरोवराला मिळणाऱ्या आमू आणि सीर या दोन्ही नद्यांचं पाणी कालव्यांनी कापसाकडे वळवलं. कालवे कच्चे, निम्मं पाणी वाळूत जिरायचं. १९६० साली अरल हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. मुयनाक हे त्याच्या काठचं मासेमारीचं बंदर, तिथे माशांचे डबे भरायचा कारखाना. पाणी हटत गेलं आणि जहाजं रेतीत उभी राहिली. उघड्या पडलेल्या तळाचं मीठ आणि शेतातली औषधं वाऱ्याबरोबर गावांवर. आणि एवढं करूनही लक्ष्य गाठलं जाईना, तेव्हा कापूस कागदावर पिकला. खरेदी केंद्रापासून वरपर्यंत सगळ्यांनी सह्या केल्या आणि न पिकलेल्या कापसाचे पैसे मॉस्कोने मोजले. १९८३ नंतर चौकशी लागली, हजारो लोक त्यात सापडले.

आमच्याकडे १९७२ पासून कापूस एकाधिकार योजना होती. महाराष्ट्रात कापूस सरकारलाच विकायचा. बाहेर भाव जास्त असला की रात्री गाड्या भरून कापूस शेजारच्या राज्यात जायचा. बाहेर भाव पडला की तिकडचाही कापूस आमच्या केंद्रावर. वडिलांबरोबर मी केंद्रावर बैलगाडीत दोन रात्री झोपलोय. पण फरक सांगतो. वडील पुढच्या वर्षी कापूस न लावता ज्वारी, तूर लावू शकत होते. उझबेक शेतकऱ्याला ती मोकळीक नव्हती. त्याच्या मुलांना शाळा बंद करून वेचणीला नेत.

शून्यएक

मी आयटीत आहे. माझा प्रश्न असा की हे सगळं संगणकाआधीचं. आज लाखो वस्तूंचा साठा क्षणात कळतो, मोठ्या कंपन्या आतल्या आत नियोजनच करतात. तेव्हा संगणक असते तर योजना चालली असती का?

भांडारपाल

प्रश्न मोलाचा आहे, आणि तो त्यांनाही पडला होता. लेनिनग्राडचा गणिती कांतोरोविच याच्याकडे १९३८ साली प्लायवुडवाल्यांनी एक अडचण आणली. अमुक यंत्रं, तमुक जातीची लाकडं, कोणतं काम कोणत्या यंत्राला द्यावं? ती सोडवताना त्याने आज ज्याला रेषीय प्रायोजन म्हणतात ते गणित शोधून काढलं. १९७५ साली त्याला नोबेल मिळालं. त्याच्या गणितातून प्रत्येक दुर्मिळ वस्तूची आपोआप एक किंमत निघत होती, आणि तीच अडचण ठरली. मार्क्सच्या श्रममूल्याच्या, म्हणजे किंमत श्रमावरून ठरते असं मानणाऱ्या देशात दुर्मिळतेवरून किंमत काढणं म्हणजे पाखंड. पुढे कीव्हच्या ग्लुश्कोव्ह या संगणकतज्ज्ञाने सगळ्या देशाला जोडणारं संगणकांचं जाळं सुचवलं. १९७० मध्ये ती योजना पूर्ण रूपात मंजूर झालीच नाही.

पण मंजूर झाली असती तरी त्यात भरायची माहिती कोण देणार? रझानची हकीकत सांगतो, मग कळेल.

१९५७ साली ख्रुश्चेव्हने मांस-दुधात अमेरिकेला गाठायची घोषणा केली. रझान प्रांताचा पक्षप्रमुख लारिओनोव्ह याने १९५९ मध्ये शब्द दिला, की आमचा प्रांत एका वर्षात सरकारला तिप्पट मांस देईल. तिप्पट म्हणजे सुमारे दीड लाख टन. जनावर एका वर्षात तिप्पट होत नाही, हे खेड्यातलं पोरही सांगेल. पण वृत्तपत्रांत शब्द छापून आला होता. आधी खाटीकखान्याची जनावरं गेली, मग दुभत्या गाई, मग पैदाशीचे वळू. तेही पुरेना, तेव्हा लोकांच्या परसातली एकेक गाय ‘परत देऊ’ म्हणून नेली. शेवटी रझानची माणसं शेजारच्या प्रांतांत जाऊन जनावरं विकत घ्यायला लागली, दुसऱ्या कामांसाठी आलेला पैसा त्यात घातला. वर्षअखेर दीड लाख टन पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. लारिओनोव्हला समाजवादी श्रमवीर हा किताब मिळाला. पुढच्या वर्षी रझानमधून सरकारला मिळालं जेमतेम तीस हजार टन. गोठे रिकामे, गाई गेल्यामुळे दूधही गेलं, लोक शेतावर काम करायला तयार नाहीत. सप्टेंबर १९६० मध्ये लारिओनोव्हने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

शून्यएक, १९५९ च्या डिसेंबरात संगणक असता तर त्यात दीड लाख टनच भरले गेले असते. कंपनी आतून नियोजन करते हे खरं, पण तिला लागणारा माल बाहेरच्या भावाने मिळतो आणि फसली तर ती बंद पडते. सोव्हिएत कारखाना तोट्यात गेला म्हणून बंद पडत नसे. हंगेरीच्या कोर्नाई या अर्थतज्ज्ञाने टंचाईचं मूळ तिथेच दाखवलं. तोटा कोणीतरी भरून देणार हे माहीत असलं, की मागणीला तळ राहत नाही.

गिरणगाव

मग किमती का वाढवल्या नाहीत? मांस स्वस्त असल्यामुळे संपत होतं, तर महाग करायचं.

भांडारपाल

केल्या होत्या. १ जून १९६२ पासून मांस सुमारे ३० टक्के आणि लोणी २५ टक्के महाग झालं. नोव्होचेर्कास्कच्या रेल्वे इंजिन कारखान्यात त्याच सुमारास कामाचे दरही उतरवले होते. कामगार बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी मोर्चावर सैन्याने गोळीबार केला, २६ माणसं मेली, नंतर सात जणांना मृत्युदंड दिला. जवळजवळ पंचवीस वर्षं हे देशाला कळू दिलं नाही. कामगारांच्या राज्यात कामगारांवर गोळी चालली, गिरणगाव. तुमच्या वडिलांच्या पिढीला हे कळलं असतं तर किती लागलं असतं याचा विचार मनात येतो.

त्या धसक्याने सरकारी दुकानातला मांसाचा भाव पुढे १९९१ पर्यंत जवळपास तिथेच ठेवला. सरकार शेतावरून जास्त भावाने घ्यायचं आणि कमी भावाने विकायचं, फरक तिजोरीतून. पाव तर इतका स्वस्त, की खेड्यात लोक डुकरांना पाव चारायचे, चाऱ्यापेक्षा परवडायचा. एकीकडे हे आणि दुसरीकडे परसातली शेती. एकूण लागवडीच्या सुमारे ३ टक्के जमिनीत शेतमालाचा जवळपास चौथा हिस्सा निघत होता. कारण तिथला बटाटा त्यांचा स्वतःचा होता.

उरलेली भर तेलाने घातली. १९६५ मध्ये पश्चिम सैबेरियात सामोत्लोरचं प्रचंड तेलक्षेत्र सापडलं, १९७३ नंतर तेलाचा भाव चढला. त्या डॉलरांतून अमेरिका-कॅनडाचा गहू यायला लागला. एके काळी युरोपला गहू पुरवणारा देश ऐंशीच्या दशकात काही वर्षी चार कोटी टनांहून जास्त धान्य आयात करत होता. १९८६ मध्ये तेलाचा भाव निम्म्याहून खाली कोसळला आणि झाकलेलं सगळं उघडं पडलं.

हिमांगी

शेवटचं वर्ष सांगते, कारण ते डोळ्यांसमोरून जात नाही.

रांगेत उभं राहून वस्तू मिळत नव्हत्या, त्यामुळे लोकांचे पगार बचत बँकेत साठत गेले होते. दारावरच्या त्या आजींकडे पासबुक होतं. सुमारे चार हजार रूबल, नवरा गेल्यावरची सगळी शिल्लक. नातीच्या लग्नाला आणि स्वतःच्या अंत्यविधीला. मला उघडून दाखवायच्या, अक्षर वाचून घ्यायच्या. जानेवारी १९९१ मध्ये एका रात्रीत ५० आणि १०० च्या नोटा रद्द झाल्या, बदलायला तीन दिवस. आजींच्या गादीखाली थोड्या होत्या. थंडीत पहाटेपासून उभ्या राहिल्या आणि बदलून आणल्या. एप्रिलमध्ये भाव वाढले. डिसेंबरात देशच राहिला नाही.

२ जानेवारी १९९२ ला किमती मोकळ्या सोडल्या. आठवड्याभरात आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात लोणी दिसलं, चीज दिसलं. रांग नव्हती. लोक आत यायचे, काचेतून भाव वाचायचे आणि बाहेर पडायचे. त्या वर्षभरात भाव जवळपास २६ पट झाले. मी जून महिन्यात परत यायला निघाले तेव्हा आजींनी अवोस्कातून अर्धा किलो साखर आणून दिली, वाटेत चहाला लागेल म्हणून. मी पैसे द्यायला लागले तर म्हणाल्या, आता साखर मिळते ग, पैसेच मिळत नाहीत.

ती पिशवी अजून माझ्याकडे आहे.